थंडीने पिवळं पडलेलं नवं लॉन: उपटायच्या आधी हे करून बघा

संक्रांत उलटली की ओळखीच्या माणसांचे फोन सुरू होतात. धुळं, जळगाव, शहादा, अमळनेर, गाव कोणतंही असो, तक्रार तीच. "भाऊ, दिवाळीत लॉन टाकलं. महिनाभर हिरवंगार होतं. आता गव्हाच्या काडासारखं झालंय. उपटून नवीन टाकू का?" काही जणांनी तर तीन हिवाळ्यांत तीनदा गालिचे, म्हणजे नर्सरीतून मातीसकट आणलेलं तयार गवत, बदललेत. दरवेळी पैसे गेले आणि पुढच्या जानेवारीत पुन्हा तोच रंग.

उपटू नका. निदान फेब्रुवारी अर्धा सरेपर्यंत तरी हात लावू नका. मी हे अनुभवाने सांगतो.

धुळ्यात देवपूरला घर बांधलं तेव्हा वास्तुशांती कार्तिकात होती. पाहुणे येण्याआधी अंगण हिरवं दिसावं म्हणून सुमारे ९०० चौरस फूट गालिचा एका दिवसात अंथरून घेतला. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तो वाळला. ज्यांच्याकडून काम करून घेतलं त्यांनी सांगितलं, माल मेला, सगळा बदलावा लागेल. हातात तेवढे पैसे नव्हते, म्हणून अर्धाच बदलला आणि अर्धा तसाच सोडला. आई रोज सकाळी त्या वाळक्या भागावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "मरेल नही शे, झोपेल शे," म्हणजे मेलेलं नाही, झोपलेलं आहे. मार्च लागता लागता तो न बदललेला भाग बुडातून फुटला. बदललेल्या भागाची मुळं मात्र अजून वरच्या दोन बोटांतच होती. एप्रिलच्या उन्हात तो भाजून निघाला. मरण थंडीने आलं नव्हतं, आमच्या घाईने आलं होतं.

आपल्याकडचं गवत थंडीने सहसा मरत नाही

खानदेशात जे लॉन विकलं जातं ते बहुतेक हरळीच्या जातीचं असतं: साधी हरळी, सिलेक्शन नंबर वन, बर्म्युडा. त्याशिवाय मेक्सिकन आणि कोरियन नावाने मिळणारं बारीक पानांचं, मऊ गवत. ही सगळी उन्हाळी स्वभावाची गवतं. ऊब असेल तर वाढतात, रात्री गार झाल्या की पान सोडून देतात आणि सगळा जीव जमिनीलगतच्या गाठींत आणि जमिनीखालच्या धावत्या खोडांत साठवून ठेवतात. हरळी तर शून्याच्या खालचं तापमानही काढते. आपल्याकडे ज्याने शेतातून हरळी काढायचा प्रयत्न केला असेल त्याला हे वेगळं सांगायला नको. नांगरून, वेचून, उन्हात टाकून दिली तरी पहिल्या पावसाला ती पुन्हा बांधावर हजर. दूर्वा म्हणून गणपतीला वाहतो तीच ही.

रुंद पानाचं, कार्पेट ग्रास किंवा बफेलो म्हणून मिळणारं गवत त्यामानाने नाजूक. ते असेल तर थोडी जास्त मर होते, हे खरं. तरी सगळंच्या सगळं जात नाही.

मग रंग का जातो? यात गारठ्याइतकाच वाटा आपल्या स्वच्छ उन्हाचाही आहे. रात्री पारा १० अंशांच्या खाली गेला की पानातलं हरितद्रव्य नव्याने तयार होणं मंदावतं. सकाळी निरभ्र आकाशातून कडक ऊन आलं की जे आहे तेही विटून जातं. म्हणूनच उघड्यावरचं गवत पांढुरकं पडतं आणि तिथूनच दहा फुटांवर कडुलिंबाच्या सावलीतलं गवत हिरवं राहतं. झाड रात्री जमिनीची ऊब आकाशात जाऊ देत नाही आणि सकाळचं ऊनही अडवतं. हा फरक तुमच्या अंगणात दिसत असेल तर रोग शोधत बसू नका, ही थंडीच आहे.

धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात नोंदलेलं तापमान पेपरात छापून येतं, ५ अंश, ६ अंश. ते हवेचं असतं, माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर ठेवलेल्या तापमापकाचं. वारा पडलेल्या निरभ्र रात्री गवताच्या पात्यापाशी त्याहून तीन-चार अंश कमी असतं. तेव्हा पेपरात ५ वाचलं तर तुमचं गवत शून्याजवळून जाऊन आलंय असं समजा. सातपुड्यात तोरणमाळ-डाबकडे तर दवबिंदूच गोठतात. अशा सकाळी गवतावर पाय देऊ नये. कडक झालेलं पान पायाखाली मोडतं आणि दोन दिवसांनी तिथे पावलांचे काळपट ठसे उमटतात. लोक त्याला बुरशी समजून औषध मारतात.

जिवंत की मेलेलं, हे ठरवायच्या तीन रीती

पहिली रीत ओढून बघायची. वाळक्या भागातला मूठभर झुबका धरून सरळ वर ओढा. हाताला जोर लागला, गवत जमिनीला धरून राहिलं, तर मूळ जागेवर आहे. अलगद निघून आलं तर खाली काय आहे ते बघा.

दुसरी रीत गाठ सोलून बघायची. खुरप्याने एक छोटा ठोंब काढा, माती झटका आणि धावतं खोड नखाने सोला. आत पांढरं किंवा हिरवट, ओलसर निघालं तर जीव आहे. तपकिरी, पोकळ, काडीसारखं कटकन मोडणारं असेल तर गेलं. एकाच ठिकाणी बघून निकाल देऊ नका. अंगणाच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून, असे पाच-सहा ठोंब तरी बघा.

तिसरी रीत मला सगळ्यात भरवशाची वाटते, फक्त तिला धीर लागतो. तळहाताएवढा तुकडा मातीसकट काढा, डब्यात ठेवा, थोडं पाणी द्या आणि घरात उन्हाच्या खिडकीपाशी ठेवा. रात्री तो आतच राहू द्या. दहा ते पंधरा दिवसांत हिरवे कोंब दिसले तर तुमचं अंगण फक्त उबेची वाट बघतंय. माझ्या ओळखीच्या एका ताईंनी पारोळ्याला दुधाच्या रिकाम्या पिशव्यांत असे सहा तुकडे लावले. पाच फुटले. सहावा होता उत्तरेच्या भिंतीजवळचा. त्या भिंतीकडे पुढे येतोच.

जानेवारीत आपण जे करतो तेच नडतं

पिवळं दिसलं की माणूस दोन गोष्टी करतो: पाणी वाढवतो आणि युरिया टाकतो. दोन्ही घातक.

झोपलेलं गवत पाणी फारच कमी उचलतं. त्यात आपली जमीन काळी, पाणी धरून ठेवणारी. रोज संध्याकाळी पाइप धरला तर मुळांना हवाच मिळत नाही आणि ती कुजायला लागतात. ओली पानं रात्रभर गारठ्यात राहिली की बुरशीला आयतं घर मिळतं. शेतकऱ्याच्या तोंडी असणारा वाफसा हा शब्द लॉनवाल्यांनीही धरून ठेवावा. माती हातात दाबली तर गोळा व्हावा, पण बोटाने टोचलं की फुटावा, ही ती अवस्था. थंडीत खुरपं चार बोटं खाली घालून बघा. खाली ओल असेल तर वरून कितीही कोरडं दिसलं तरी पाणी देऊ नका. माझ्याकडे डिसेंबर-जानेवारीत सात-आठ दिवसांनी एकदा पुरतं. नवा गालिचा असेल आणि मुळं अजून वरच असतील तर चार दिवसांनी, थोडं थोडं. वेळ सकाळी नऊ-दहाची, दव सुकल्यावरची.

इथे केळीच्या बागेची गोष्ट निघते. रावेर-यावलचे शेतकरी थंडीच्या लाटेत बागेला रात्री पाणी देतात, पहाटे बांधावर धूर करतात, झाडाच्या बुडाला निंबोळी पेंड घालतात. ते बरोबरच आहे, ओली जमीन ऊब धरून ठेवते आणि बोअरचं पाणीही हवेपेक्षा कोमट असतं. पण केळीची पानं डोक्यावर असतात, गवताची पाण्यातच. म्हणून लॉनला लाट येण्याआधी दुपारी दोन-तीन वाजता हलकं पाणी द्या. जमीन ओली राहील आणि अंधार पडायच्या आत पानं सुकतील. केळीवाल्यांकडून दुसरी एक गोष्ट मात्र जशीच्या तशी उचलावी. थंडीत केळीचं नवं पान यायला वेळ लागला म्हणून कोणी बाग उपटत नाही.

युरिया थंडीत टाकला तर गवत तो उचलत नाही. चुकून चार उबदार दिवस आले आणि कोंब फुटले, तर पुढच्या लाटेत तेच कोवळे कोंब आधी करपतात आणि गाठीत साठवलेली ताकद वाया जाते.

तिसरं कारण आहे माणसांचे पाय. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई सुरू होते. अंगणात मांडव पडतो, त्यावर सतरंज्या, त्यावर दोनशे माणसं. उन्हाळ्या-पावसाळ्यात गवत हे आठवड्यात भरून काढतं. थंडीत ते वाढतच नसतं, त्यामुळे तुटलेलं तुटलेलंच राहतं आणि खालची माती दबून विटेसारखी होते. मंगल कार्यालयांच्या लॉन्सवर फेब्रुवारीत जे उघडे पट्टे दिसतात ते बहुतेक या पायांचे आणि दोन-दोन दिवस न उचललेल्या सतरंज्यांचे. कार्य टाळता येत नाही, हे मलाही कळतं. पण सतरंज्या त्याच रात्री उचलता येतात आणि जेवणाची पंगत फरशीवर बसवता येते.

दरवर्षी एकच जागा जाते का? तर मग वर बघा

आता ती उत्तरेची भिंत. "बाकी सगळं येतं, एवढाच पट्टा येत नाही" ही तक्रार मी खूप ऐकली आहे. जळगाव-धुळं साधारण २१ अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या शेवटी भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कलून फक्त ४५ अंशांच्या आसपास वर येतो. म्हणजे १० फुटांच्या भिंतीची सावली उत्तरेला जवळजवळ १० फूट पडते, तीही दुपारी. सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. त्या पट्ट्यात महिना-दीड महिना थेट ऊन येतच नाही, दव सुकत नाही, माती तापत नाही. मार्चच्या शेवटी हीच सावली तीन-चार फुटांवर येते आणि मे अखेरीला तर सूर्य डोक्यावर असतो.

त्यामुळे उन्हाळ्यात बघणाऱ्याला तिथे सावली असते हे पटतच नाही. डिसेंबरात एकदा दुपारी बाराला चुन्याने सावलीची रेघ मारून ठेवा. दक्षिणेला कुंपणाची भिंत असेल तर शेजाऱ्याचं घरही हिशेबात धरा. त्या रेघेच्या आत भिंतीलगतचा चार-पाच फुटांचा पट्टा गवताला देऊच नका. फरशी, गोटे किंवा सावलीत तगणारी झाडं लावा. उरलेल्या भागात मेक्सिकनसारखं गवत हरळीपेक्षा बरं टिकतं, हरळीला सावली अजिबात सोसत नाही. हा निर्णय घेतलेल्या कुणाचाही दुसऱ्या वर्षी फोन आलेला नाही.

गालिच्याखाली काय आहे?

थंडीतून गवत लवकर न सावरण्याचं सगळ्यात मोठं कारण मला इथे सापडलं, पानांत नाही. एक तुकडा उचलून आडवा छेद बघा. वर नर्सरीतून आलेला बोटभर मातीचा थर, बहुतेकदा लाल. त्याखाली आपली काळी माती, किंवा नव्या घरांत त्याहून वाईट, म्हणजे भरावाचा मुरूम, सिमेंटचे खपले, विटांचे तुकडे. दोन वेगळ्या मातींच्या सांध्यावर पाणी अडतं. मुळं त्या सांध्यापर्यंत येतात आणि आडवी वळतात. अशा गवताकडे थंडीत साठवायला जागाच नसते.

दिवाळीत अंथरलेल्या गालिच्याचं हेच होतं. मुळं खाली उतरायला सहा ते आठ उबदार आठवडे लागतात आणि त्याला ते मिळालेले नसतात. म्हणून थंडीत जुनी हरळी फक्त रंग बदलते, नवी मात्र हलते.

उपाय आहे, कष्टाचा आहे. फेब्रुवारीच्या मध्यानंतर, जमीन वाफशावर असताना, बागेच्या काट्याने किंवा पहारीने चार इंच खोल भोकं पाडा, वीतभर अंतरावर. गालिचा भेदून भोक खालच्या मातीत गेलं पाहिजे. चिखल असताना हे करू नका. काळ्या मातीत ओली भोकं आतून लिंपल्यासारखी गुळगुळीत होतात आणि मुळं पुन्हा अडतात. मग चाळलेली रेती, चाळलेली तुमच्याच अंगणातली माती आणि कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, तिन्ही सारखी, एकत्र करून वरून पसरा आणि झाडूने भोकांत लोटा. थर अर्ध्या सेंटीमीटरचा, गवताची टोकं वर दिसत राहिली पाहिजेत. १००० चौरस फुटांना साधारण तीस-बत्तीस घमेली लागतात, म्हणजे ब्रासचा सहावा हिस्सा. लोक ट्रॉलीभर रेती मागवतात आणि नुसती रेती अंथरतात. त्याने आणखी एक सांधा तयार होतो. शेणखत कच्चं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही घरात आणाल.

कामाचे सहा आठवडे

आपल्याकडे हा अवधी फार थोडा आहे, आणि ही गोष्ट बाहेरगावच्या सल्ल्यांत सापडत नाही. थंडी फेब्रुवारीच्या मध्याला ओसरते. मार्च संपता संपता जळगाव-भुसावळला पारा चाळिशीला टेकतो. होळीच्या आगेमागे जे होईल तेच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गवत लावायला घेतलं तर ते मे महिना बघत नाही.

कॅलेंडरपेक्षा जमिनीचं ऐकणं चांगलं. साधा तापमापक दोन-तीन इंच खोल खोचून सकाळी आठला बघा. सलग आठवडाभर १८ अंशांच्या वर असेल तर जमीन जागी झाली. तापमापक नसेल तर अंगणातल्या जुन्या, वाटेकडेच्या हरळीवर नजर ठेवा. ती फुटली की कामाला लागा.

आधी दाताळ्याने हलक्या हाताने वाळकं पान ओढून काढा. नव्या लॉनवर जोर लावू नका, गालिचाच हलेल. गालिचा हलत असेल तर दाताळं बाजूला ठेवून हाताने वेचा. मग एकदा कापणी, फक्त वाळकी टोकं, चार सेंटीमीटर उंची ठेवून. जुन्या हरळीला लोक यावेळी बुडापर्यंत कापतात, तिला ते चालतं. पहिल्याच वर्षाच्या लॉनला नाही.

त्यानंतर भोकं आणि मातीचा थर. नंतर आठ-दहा दिवसांनी, हिरवा रंग निम्म्या भागावर दिसू लागला की पहिलं खत. आपली जमीन चुनखडीची, विम्ल (आम्लाच्या उलट गुणाची), म्हणून मला युरियापेक्षा अमोनियम सल्फेट बरं वाटतं. १००० चौरस फुटांना १ किलो. युरियाच असेल तर अर्धा किलो, त्याहून जास्त नाही. पानं कोरडी असताना फेकायचं आणि लगेच पाणी द्यायचं, नाहीतर जिथे दाणे पडले तिथे जळके ठिपके उठतात. हीच मात्रा तीन-चार आठवड्यांनी पुन्हा.

पाणी आता वाढवायचं, पण मोजून. १००० चौरस फुटांवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ९३ लिटर. एका वेळी १५ मिलिमीटर द्यायचं तर १,४०० लिटर झाले. स्प्रिंकलर लावून लॉनवर चार ठिकाणी सरळ कडांचे डबे ठेवा आणि किती मिनिटांत बोटभर पाणी साचतं ते एकदाच मोजून ठेवा. डब्यांत निम्मा-दुप्पट फरक निघाला तर तुमचे पिवळे पट्टे तिथेच समजतील. मी दोन घरी फक्त स्प्रिंकलरची तोंडं साफ करून पिवळे पट्टे घालवले आहेत.

बोअरचं पाणी खारं असेल आणि मातीवर पांढरी साय दिसत असेल, तर थंडीतल्या थोड्या-थोड्या पाण्याने क्षार वर साठलेत. फेब्रुवारीत एकदा भरपूर पाणी देऊन ते खाली धुवून काढा, मग पुन्हा वाफशाची वाट बघा. क्षारांवर उपाय म्हणून जिप्सम मनाने टाकू नका. माती आणि पाणी तपासून घ्या, कृषी विज्ञान केंद्रात सांगतात.

मोकळे डाग भरताना

ओढून आणि सोलून जे खरंच मेलं ठरलं तेवढंच काढा. डागाच्या कडेपासून चार बोटं आतपर्यंत खणा, खालची दबलेली माती फोडा, वरचंच मिश्रण भरा. नवा गालिचा विकत आणण्यापेक्षा तुमच्याच लॉनच्या जोमदार कोपऱ्यातून ठोंब घ्या. ते तुमच्या मातीला, तुमच्या पाण्याला सरावलेले असतात. वीतभरापेक्षा कमी अंतरावर लावा, अंगठ्याने दाबा, पहिले दहा दिवस सकाळ-दुपार थोडं पाणी. फेब्रुवारी अखेर ते मार्च मध्य, एवढंच. ती वेळ टळली तर डाग तसाच राहू द्या, त्यावर पाचट अंथरा आणि मृगाचा पाऊस पडल्यावर लावा.

बी टाकू नका, निदान या वर्षी तरी. थंडीत हिरवं दिसावं म्हणून हल्ली राय गवताचं बी सुचवतात. ते थंडीत सुंदर दिसतं यात वाद नाही. पण मार्चमध्ये हरळी जागी होते तेव्हा हे गवत तिच्या डोक्यावर सावली धरून तिचंच पाणी पीत असतं. पहिल्या वर्षाच्या लॉनला हा भार सोसत नाही.

हिरवं व्हायच्या ऐवजी पिवळट फुटलं तर

कोंब आलेत, वाढ आहे, पण पान लिंबाच्या रंगाचं आणि शिरा तेवढ्या हिरव्या. हे लोहाच्या कमतरतेचं लक्षण, चुनखडीच्या जमिनीत नेहमीचं. मातीत लोह असतं, गवताला उचलता येत नाही. अशा वेळी आणखी युरिया दिला तर पिवळेपणा वाढतो. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, लिटरला ५ ग्रॅम आणि त्यात १ ग्रॅम लिंबूसत्त्व, संध्याकाळी ऊन उतरल्यावर फवारा. पंधरा दिवसांनी पुन्हा. फवारताना फरशी आणि भिंत झाका. त्यावर पडलेले गंजाचे डाग जात नाहीत.

हुमणीबद्दल थोडं. गालिचा सतरंजीसारखा उचलला जातो म्हणून फेब्रुवारीत कीटकनाशक ओतणारे बरेच आहेत. हुमणीची अळी मुळं खाते ती पावसाळ्यात, ऑक्टोबरपर्यंत. फेब्रुवारीत तिचे भुंगेरे जमिनीत गप्प असतात, औषध वाया जातं. मुळं कुरतडलेली दिसली आणि लॉन पावसाळ्याच्या आधीचं असेल, तर पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे गोळा करून रॉकेलच्या पाण्यात टाका. दिवाळीत टाकलेल्या लॉनची मुळं कुरतडलेली नसतात, आखूड असतात. तिथे हुमणीचा संबंध नाही. वाळवी मात्र वाळक्या गवतावर येते. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळकं पान साठू देऊ नका आणि निंबोळी पेंड द्या.

पुढच्या थंडीसाठी

नवं लॉन करायचंच असेल तर जून-जुलैत करा. वास्तुशांती कार्तिकात असली तरी गवत मृगात लावता येतं, बांधकामवाल्यांना तेवढा कोपरा आधी मोकळा करायला सांगा. नत्राचं शेवटचं खत दसऱ्याच्या सुमारास द्या, त्यानंतर बंद. सप्टेंबरमध्ये पोटॅश द्या, गवत थंडीला काटक होतं. दिवाळीपासून कापणीची उंची बोटभर वाढवा, वरचं पान खालच्या गाठींना पांघरूण होतं.

आणि या वर्षी सावरलेल्या लॉनचं एप्रिलमध्ये काय? उंची पाच सेंटीमीटरवर न्या, कापणी पंधरा दिवसांनी एकदा, खत बंद, पाणी पहाटे पाचला आणि खोल. मे महिन्यात दुपारी दोन ते पाच पश्चिमेकडून येणारं ऊन नव्या ठोंबांवर पडत असेल तर चार बांबू रोवून हिरवी शेडनेट बांधा आणि पहिला पाऊस झाला की त्याच दिवशी सोडा.